एका गोळीच्या सात गोळ्या : रक्तदाबाचे औषध आणि वऱ्हाडातील वार्धक्य

मुंबईहून निघालेली आगगाडीची वाट १८६७ साली नागपुरास जाऊन भिडली, आणि १८७१ मध्ये त्याच वाटेवरच्या बडनेऱ्यापासून अमरावतीच्या कापसाच्या बाजारापर्यंत सहा मैलांचा फाटा टाकण्यात आला. तेव्हापासून बडनेरा म्हणजे जंक्शन, ही ओळख वऱ्हाडात कायम झाली. रेल्वेच्या नि गिरणीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य सरले, अशी कुटुंबे ह्या गावात पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. त्यामुळे पेन्शनर येथे घरोघरी. अशा एखाद्या घरी सत्तरी उलटलेल्या आजोबांच्या किंवा आजीबाईंच्या उशाशी पाहावे. पूर्वी जेथे पानाचा डबा आणि जपाची माळ असे, तेथे आता बिस्किटांचा एक रिकामा डबा असतो, आणि त्यात गोळ्यांच्या पट्ट्या रचून ठेवलेल्या असतात. दोन रक्तदाबाच्या, एक लघवी साफ होण्याची, एक रक्त पातळ राखण्याची, एक कोलेस्टेरॉलची, एक आम्लपित्ताची, आणि गुडघे दुखतात म्हणून केव्हातरी दुकानातून आणलेली सातवी.

पाच किंवा त्याहून अधिक औषधे नित्य घेणे, ह्याला वैद्यकशास्त्रात 'पॉलिफार्मसी' म्हणतात. मराठीत त्याला बहुऔषधसेवन म्हणावे. शब्द जड आहे खरा, पण डबाही काही हलका नाही. ह्या डब्यातील बहुतेक गोळ्यांना स्वतःचा इतिहास आहे, आणि तो पुष्कळ अंशी अभिमानाचा इतिहास आहे. त्यात एक अध्याय तर मुंबईत लिहिला गेला. डबा भरला कसा हे त्या इतिहासावरून कळते. आणि तो वेळोवेळी उपसण्याचे काम कोणाच्याच वाट्याला कसे आले नाही, हेही त्याच इतिहासावरून कळते.

रक्तदाब हा शब्दच मुळी नवा. बोटांखाली नाडी कठीण लागते, एवढे वैद्यांना नि हकिमांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु तो कठीणपणा आकड्यात मांडण्याची सोय झाली ती १८९६ साली. इटलीतील तुरीन शहरी रिव्हा-रोच्ची ह्या डॉक्टराने दंडाला बांधावयाची हवेची पट्टी आणि पाऱ्याची नळी यांची जोडणी केली. पुढे १९०५ साली रशियात कोरोत्कोव्ह ह्या शस्त्रवैद्याने पट्टीखाली नळी लावून धमनीतला आवाज ऐकण्याची युक्ती सांगितली, आणि वरचा व खालचा असे दोन आकडे मिळू लागले. आकडा मिळाला, पण त्यावर उपाय नव्हता. आणि उपाय नसला की मनुष्य समजूत काढून घेतो, तसेच येथेही झाले. वय वाढले की दाब वाढावयाचाच, शंभर अधिक वय इतका वरचा दाब असला तर तो त्या वयाला साजेसाच, असा एक हिशेब डॉक्टरांत नि त्यांच्यामार्फत घराघरांत रूढ झाला. तो हिशेब किती महाग पडला हे अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांच्या उदाहरणाने जगाला दिसले. जगातील अत्यंत सामर्थ्यवान माणसाचा दाब वर्षानुवर्षे चढत राहिला, आणि त्याच्या वैद्यांपाशी विश्रांती, मीठ कमी करणे व शामक औषध यांपलीकडे फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा त्यांचा वरचा दाब तीनशेच्या वर मोजला गेला होता. वय त्रेसष्ट.

त्याच काळात बडनेऱ्याहून दोन-तीन तासांच्या आगगाडीच्या अंतरावर, वर्ध्यास, दुसरा एक वृद्ध गृहस्थ ह्याच विकाराशी झगडत होता. गांधीजींची प्रकृती १९३५ च्या अखेरीस वर्ध्यात रक्तदाबामुळे ढासळली आणि डॉक्टरांनी त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावयास लावली. पुढे सेवाग्राम वसले, कामाचा व्याप वाढला, आणि दाबही वाढला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ साली गांधीजींच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत ऑक्टोबर १९३७ मध्ये १९४ वर १३०, आणि फेब्रुवारी १९४० मध्ये २२० वर ११० असे आकडे आहेत. आजच्या डॉक्टराने असा आकडा पाहिला तर तो रोग्याला घरी जाऊ देणार नाही. गांधीजींचे उपाय मातीची पट्टी, मौन, मोजका आहार, चालणे आणि झोप हे होते. ह्यावर हसण्याचे कारण नाही. त्या वर्षांत कोणत्याही मोठ्या इस्पितळात गेले असते, तरी याहून खात्रीचे असे फार थोडे मिळाले असते.

खात्रीचे जे पहिले मिळाले, ते आपल्या रानातून मिळाले. सर्पगंधा ह्या झुडपाची मुळी वेड, निद्रानाश व सर्पदंश यांवर वैद्य-हकिमांच्या वापरात होती. १९३१ साली दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. दिल्लीस सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी ह्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून द्रव्ये वेगळी काढली व त्यांतील एकास हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. आणि कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व डॉक्टर कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्मादाप्रमाणेच वाढलेल्या रक्तदाबावरही चालते, असे छापून प्रसिद्ध केले. कर्नल रामनाथ चोप्रा यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात तिच्यावर प्रयोग केले. १९३४ पासून हिमालय ड्रग कंपनीने 'सर्पिना' ह्या नावाने तिच्या गोळ्या विकावयास काढल्या.

तरीही बाहेरच्या जगाला याची वार्ता नव्हती. ती दिली मुंबईच्या डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी. परळच्या किंग एडवर्ड स्मारक इस्पितळातील हे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी वर्षानुवर्षे सर्पगंधा रोग्यांना देऊन नोंदी ठेवल्या, त्यांतून पन्नास रोगी निवडले, आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' ह्या विलायती मासिकात निबंध लिहिला. निबंध लहान, भाषा जपून वापरलेली. दाब उतरतो, हळूहळू उतरतो, आणि बहुतेकांना औषध सोसते, असा त्याचा मथितार्थ. ह्या पाच-सहा पानांनी रक्तदाबाच्या चिकित्सेचे पान उलटले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि दुसऱ्याच वर्षी पद्मभूषण. मुंबईतील किती घरांना आज त्यांचे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा.

येथपर्यंत गोष्ट एका औषधाची आहे. एकाचे अनेक कसे झाले ते येथून पुढे.

वकिलांचा निबंध वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी मागवली. स्वित्झर्लंडातील सीबा कंपनीच्या रसायनज्ञांनी १९५२ साली तिच्यातून 'रेसर्पिन' हे मुख्य द्रव्य वेगळे केले. द्रव्य शुद्ध मिळाले तसे त्याचे दोषही शुद्ध दिसू लागले. मात्रा वाढवली की नाक चोंदे, मरगळ येई, आणि काहींचे मन इतके खिन्न होई की घरची माणसे घाबरून जात. त्या वेळची इतर औषधेही अशीच, पूर्ण मात्रेत असह्य. मग विचार असा निघाला की एकाची मात्रा वाढवण्यापेक्षा दोघा-तिघांची थोडी थोडी मात्रा एकत्र द्यावी. गुणांची बेरीज होईल आणि दोष ज्याच्या त्याच्या वाट्याला थोडे थोडे येतील. विल्किन्स यांनी सर्पगंधा इतर औषधांच्या जोडीला देण्याचा पुरस्कार केला. १९५८ च्या सुमारास मूत्रल गोळ्या बाजारात आल्या आणि त्यांची कोणत्याही औषधाशी जोडी जमू लागली.

ह्या विचाराचा निर्णायक कस लागला तो १९६७ साली. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या इस्पितळांत डॉक्टर एडवर्ड फ्राइस यांनी ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता असे १४३ रोगी घेतले. निम्म्यांना तीन औषधे दिली : मूत्रल, हायड्रालाझिन आणि आपली रेसर्पिन. उरलेल्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. औषध न मिळालेल्यांत सत्तावीस जणांवर गंभीर आपत्ती ओढवली. औषध मिळालेल्यांत दोघांवर. सत्तावीस आणि दोन! आकडेशास्त्राची फार गरज लागू नये इतका हा फरक होता. रक्तदाब ही केवळ वयाची खूण नसून आवरता येणारा शत्रू आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आणि ते सिद्ध करणारे औषध एक नव्हते, तिघांचे मिळून होते. पुढे जे घडले त्याचे बीज येथेच आहे. एकाहून अधिक गोळ्या देणे हा चिकित्सेचा दोष नसून तिचा पराक्रम ठरला.

पुढच्या दहा वर्षांत त्या पराक्रमाची शिस्त बसली. १९७७ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने पायऱ्यांची पद्धती घालून दिली. आधी मूत्रल द्यावे. पुरले नाही तर दुसरे जोडावे. तेही पुरले नाही तर तिसरे. दर दशकाने ह्या जिन्यासाठी नवे लाकूड पुरवले. १९६०-७० च्या दशकात ब्रिटनच्या जेम्स ब्लॅक यांचे प्रोप्रॅनोलॉल आले, हृदयाची गती आवरणारे. त्यानंतर धमन्या सैल करणारी निफेडिपीन, आणि मग तिची सौम्य बहीण अम्लोडिपीन. ब्राझिलच्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल निघाले व १९८१ साली वापरात आले. सर्पगंधेनंतर पुन्हा साप, हा योगायोग पाहून एखाद्या पुराणिकाला कथा सुचली असती. १९९५ मध्ये लोसार्टन, आणि मागाहून तिच्या जातीची टेल्मिसार्टन. जिन्याच्या चढत्या पायऱ्या ठळक आखलेल्या होत्या. उतरावयाच्या पायऱ्या कोणी मुद्दाम पुसल्या नाहीत. त्या आखण्याचे बहुधा कोणाला फारसे सुचलेच नाही.

भारतात ह्या इतिहासाने आणखी एक वळण घेतले. सीबा कंपनीची 'अडेल्फेन' ही रेसर्पिन नि डायहायड्रालाझिन यांची जोडगोळी येथे एके काळी इतकी चालली, की बऱ्याच घरांत बीपीची गोळी म्हणजेच अडेल्फेन. पुढे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधी द्रव्यावरचा मक्ता काढून घेतला आणि फक्त ते तयार करण्याच्या कृतीवर ठेवला. देशी कारखाने उभे राहिले, औषधे स्वस्त झाली. हा उपकार लहान नव्हे. गरिबाच्या घरात रक्तदाबाची गोळी पोचली ती ह्याच कायद्याने. परंतु एकाच औषधाची अनेक नावेही त्याबरोबर आली. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ साली सांगितले होते, की आवश्यक औषधांची यादी करा आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करून मूळ नावाने औषधे विका. यादीचा मान पुढे राखला गेला. नावांचा बाजार राहिला. दोन-तीन औषधे एकाच गोळीत कोंबून नवे नाव देण्याची हौस तर इतकी बोकाळली, की केंद्र सरकारला २०१६ च्या मार्चमध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घालावी लागली, आणि कोर्टकचेऱ्यांनंतर २०१८ साली ३२८ मिश्रणांवर ती पुन्हा घालावी लागली.

आता वृद्धांकडे यावयाचे. फ्राइस यांचे रोगी बहुतेक मध्यमवयीन होते. म्हाताऱ्यांचा दाब उतरवावा की नाही, याविषयी डॉक्टरांत बराच काळ दुमत होते. १९९१ साली अमेरिकेत साठीपुढच्या ४,७३६ माणसांवरील अभ्यासाने दाखवले, की नुसता वरचाच दाब वाढलेला असला तरी औषधाने पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी होतो. मौज अशी, की त्या अभ्यासातही दुसऱ्या पायरीवर एक पर्याय म्हणून रेसर्पिन ठेवलेली होती. मग २००८ साली ऐंशी ओलांडलेल्या ३,८४५ वृद्धांवरील युरोप-आशियातील अभ्यास संपण्यापूर्वीच थांबवावा लागला. कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी दिसले आणि दुसऱ्या गटाला गोळीविना ठेवणे अन्यायाचे झाले असते.

आणि हे दूरदेशीचे गणित नव्हे. विदर्भाच्याच गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ह्या संस्थेने ८६ खेड्यांतील मृत्यूंची दोन वर्षे छाननी केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाप्रमाणे तेथे दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताने झालेला होता. ज्या मुलखात हिवतापाचे नाव आधी घेतले जाते त्या मुलखात हे घडावे! तेव्हा गोळ्या म्हणजे कंपन्यांनी रचलेले थोतांड आहे, त्या फेकून द्या आणि अमुक रस प्या, असे सांगणारे जे उपदेशक हल्ली गल्लोगल्ली निघाले आहेत, ते वृद्धांचे हितशत्रू होत. ह्या बाबतीत संदिग्ध राहून चालावयाचे नाही.

मग डब्याबद्दल तक्रार कशाची? तक्रार अशी, की तीन औषधे विचारपूर्वक एकत्र देणे ही एक गोष्ट, आणि सात औषधे आपोआप एकत्र जमणे ही अगदी दुसरी. पहिल्याला योजना म्हणतात, दुसऱ्याला साठा. आपल्या घरांना बहुऔषधाचे वावडे कधीच नव्हते. त्रिफळ्यात तीन, दशमुळांत दहा, आणि काढ्यात तर आजीबाईला आठवतील तितक्या वस्तू. पण काढा रचणारा एक असे, भांडे एक असे, आणि किती दिवस घ्यावयाचा हे रचणाराच सांगे. बडनेऱ्याच्या आजोबांचा डबा चार हातांनी भरलेला आहे. रेल्वेची नोकरी झाली असेल तर रेल्वेच्या दवाखान्यातून काही गोळ्या येतात. सहा मैलांवर अमरावतीत जे हृदयाचे डॉक्टर आहेत, त्यांनी काही लिहिलेल्या असतात. मुलगा नागपुरास असला तर तो एकदा तिकडे दाखवून आणतो आणि आणखी दोन वाढतात. गुडघ्याची गोळी चिठ्ठीवाचून 'मेडिकल'मधून येते. चौघांपैकी प्रत्येकाचे आपापल्या परीने बरोबरच असते. पण संपूर्ण डबा त्यांतील एकानेही पाहिलेला नसतो.

ह्यातून तीन प्रकारचे घोटाळे होतात. पहिला नावांचा. एकच अम्लोडिपीन दोन कंपन्यांच्या दोन नावांनी, किंवा एकदा सुटी आणि एकदा मिश्रणात, अशी दुप्पट पोटात जाते आणि पट्ट्यांचे रंग वेगळे म्हणून घरात कोणाला शंकाही येत नाही. दुसरा घोटाळा साखळीचा, आणि तो अधिक शिकवणारा आहे. अम्लोडिपीनने काहींच्या घोट्यांना सूज येते. सूज पाहून कोणी लघवीची गोळी देतो. त्या गोळीने रात्री दोन-तीनदा उठावे लागते, शरीरातील क्षार कमी होतात, कधी युरिक आम्ल वाढून अंगठा ठणकतो. ठणक्यासाठी वेदनाशामक येते. वेदनाशामकाने आम्लपित्त होते म्हणून त्याची गोळी. आणि त्याच वेदनाशामकाने रक्तदाबही वाढतो म्हणून बीपीची आणखी एक. मूळ उपाय अम्लोडिपीनची मात्रा कमी करण्याचा किंवा ती बदलण्याचा होता. औषधाच्या परिणामाला नवा रोग समजून त्यावर नवे औषध देणे, ह्या प्रकाराला १९९७ साली पॉला रोशॉन व जेरी गुर्विट्झ यांनी 'औषधांचा धबधबा' अशा अर्थाचे नाव दिले. आणि अम्लोडिपीनच्या जातीची औषधे, सूज व मूत्रल ही साखळी कॅनडातील ऑन्टॅरियो प्रांतात २०२० मध्ये वृद्धांच्या मोठ्या नोंदींतून दाखवून देण्यात आली.

तिसरा घोटाळा ऋतूचा. परदेशी ग्रंथांत तो फारसा आढळत नाही. वऱ्हाडात मात्र त्याला फार महत्त्व आहे. अमरावती-अकोल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. अंगातले पाणी घामाने जाते, तहान म्हाताऱ्यांना कमी लागते, आणि हिवाळ्यात ठरवून दिलेली मूत्रल व दाबाची गोळी मात्र त्याच मात्रेत चालू असते. सकाळी खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय घसरला असे घरात सांगितले जाते. आणि खुब्याचे हाड मोडते. त्यात मूत्रल, कॅप्टोप्रिल-टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी आणि गुडघ्याची वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र असली, तर कोरड्या पडलेल्या शरीरातील मूत्रपिंडे काम टाकून देऊ शकतात. उलट बाजूने, लोणचे, पापड, ठेचा नि सांडगी मिरची यांतून पोटात जाणारे मीठ दाब चढवीत असते. तेथे हात आखडला तर एखादी गोळी वाढवण्याची वेळ कदाचित येणारही नाही. पण ते सांगावयास चिठ्ठीपेक्षा अधिक वेळ लागतो.

गोळ्यांची संख्या हीच आपत्ती, असा मात्र ह्याचा अर्थ नाही. २००३ साली लंडनच्या निकोलस वाल्ड व माल्कम लॉ यांनी सुचवले, की दाबाची औषधे निम्म्या मात्रेत, सोबत कोलेस्टेरॉलचे औषध वगैरे, हे सर्व एकाच गोळीत घालावे. त्या कल्पनेची एक पहिली मोठी परीक्षा आपल्याच देशात झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पन्नास केंद्रांतील २,०५३ माणसांचे गट पाडून काहींना अहमदाबादेस तयार झालेली अशी गोळी आणि इतरांना तिच्यातील औषधे वेगवेगळ्या प्रकारे देऊन तुलना करण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रक्तदाबाच्या जोडगोळ्यांना, आणि २०२३ साली अशा बहुगुणी गोळीला, आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. म्हणजे पाच औषधे एका गोळीत असणे सुज्ञपणाचे असू शकते, आणि पाच गोळ्या पाच ठिकाणांहून येणे घातक असू शकते. मोजावयाचे ते पट्ट्यांना नव्हे, त्यांच्यामागच्या विचाराला.

वजाबाकीचा इतिहास बेरजेच्या मानाने फार तोकडा आहे. अमेरिकेचे मार्क बीअर्स यांनी १९९१ साली वृद्धांना जपून द्यावयाच्या किंवा न द्यावयाच्या औषधांची यादी केली; ती वेळोवेळी सुधारली जाते. पुढे त्या यादीत रेसर्पिनही आली. ज्या द्रव्याने ह्या चिकित्सेचा पाया घातला, ते वार्धक्यात टाळावे असे ठरले. वकिलांच्या कीर्तीला त्याने बाध येत नाही. जुन्या इंजिनाने मुख्य मार्गावरून बाजूला व्हावयाचे असते, हे बडनेऱ्याच्या माणसाला समजावून सांगावयास नको. २००८ साली आयर्लंडात दुसरी यादी निघाली. तिचे वैशिष्ट्य असे, की काय थांबवावे याबरोबरच काय द्यावयाचे राहून गेले हेही ती विचारते.

परंतु याद्या करणे आणि प्रत्यक्ष गोळी काढून पाहणे यांत अंतर आहे. इंग्लंडात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऐंशी ओलांडलेले, दोन वा अधिक दाबाच्या गोळ्या घेणारे ५६९ वृद्ध निवडून निम्म्यांची एक गोळी कमी केली. बारा आठवड्यांनी वरचा दाब दीडशेच्या आत राहिलेले लोक गोळी काढलेल्या गटात ८६.४ टक्के आणि न काढलेल्या गटात ८७.७ टक्के होते. म्हणजे निवडक माणसांत, डॉक्टरांच्या नजरेखाली, एक गोळी गेली तरी आभाळ कोसळले नाही. ह्याचा अर्थ फार ताणूही नये. फ्रान्समधील वृद्धाश्रमांत वरचा दाब १३० च्या आत असलेल्या १,०४८ अतिवृद्धांच्या गोळ्या पायरीपायरीने कमी करून पाहण्यात आल्या. त्याने आयुष्य वाढेल अशी आशा होती. २०२५ साली निकाल आला, तो असा, की दोन्ही गटांत मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले. गोळी कमी करणे हे जसे पाप नव्हे तसे ते संजीवनीही नव्हे. ते चिकित्सेचेच एक काम आहे, आणि कोणत्याही कामाप्रमाणे ते जाणत्यानेच करावे. विशेषतः क्लोनिडीन आणि हृदयाची गती आवरणाऱ्या गोळ्या एकदम बंद केल्या तर दाब किंवा छातीतले दुखणे उसळून येते. एखादा शेजारी स्वतःच्या अनुभवावरून 'मी तर सोडल्या' म्हणतो, तेव्हा त्याला हे ठाऊक नसते.

सरकारी आरोग्यखात्याचेही इकडे लक्ष गेले आहे. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार नि पक्षाघात यांविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली ज्या शंभर जिल्ह्यांपासून निघाला, त्यांत अमरावतीचा समावेश होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये रक्तदाबाच्या नियंत्रणाचा वेगळा उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे आरंभी घेतले गेले. गांधीजी ज्या जिल्ह्यात मातीची पट्टी बांधून पडून राहत, त्याच जिल्ह्यात. उपक्रमाची रीत साधी आहे. मोजकी औषधे, मूळ नावाने, ठरलेल्या क्रमाने, आणि प्रत्येक रोग्याचे एक कार्ड, ज्यावर दर भेटीचा दाब व चालू गोळी लिहिलेली. पंचवीस नावांच्या बाजारात तीन-चार नावांची ही यादी दरिद्री दिसेल. पण डब्यात काय आहे हे एका दृष्टिक्षेपात सांगणारा कागद येथे प्रथमच रोग्याच्या हाती आला.

ज्यांच्यापाशी असे कार्ड नाही, त्यांनी पुढल्या वेळी डॉक्टरांकडे जाताना नुसती चिठ्ठी न नेता डबाच उचलून न्यावा : पट्ट्या, चूर्णे, काढ्याची बाटली, गुडघ्याची गोळी, डोळ्यांत घालावयाचे थेंब, सर्व काही. आणि डॉक्टरांनी बसवून दाब पाहिला की उभे करून पुन्हा पाहण्याची विनंती करावी. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक उतरला, तर न्हाणीघराच्या वाटेवर येणाऱ्या अंधारीचे कारण तेथेच सापडण्याचा संभव असतो.